दादाच्या ठोक्यांखाली थोडंसं मशीन

३ मार्च
दादाचे ड्रम रेकॉर्ड केले. मनगटाला पट्टा बांधून पठ्ठ्याने तीन तास वाजवलं. यापुढे काठ्या धरायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे हे शेवटचंच. एकही ठोका बदलायचा नाही, असा निश्चय. आवाज भरीव व्हावा म्हणून खाली मशीनचे ड्रम, पण चवीपुरते. कळणारसुद्धा नाही.

५ मार्च
कळतंय. दादा तालात जरा मागे रेलतो, मशीन रेलत नाही. प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो, जिन्यावरून बादली गडगडल्यासारखा. दादाचे ठोके किंचित पुढे सरकवले. हे बदलणं नव्हे, शिस्त.

६ मार्च
दादाच्या स्टुलाची कुरकुर सगळीकडे. वहिनीला फोनवर ऐकवली. म्हणाली, राहू द्या हो भाऊजी, त्याशिवाय हे वाजवतायत असं वाटतच नाही.
वहिनीला साउंडमधलं काय कळतं?

९ मार्च
निम्मा दादा, निम्मं मशीन. भावाभावांत अशी न्याय्य वाटणी कुठे होते?

१२ मार्च, दुपार
आता दादाच मध्ये मध्ये येतोय. जरा कमी केला.

१२ मार्च, संध्याकाळ
अजून जरा.

१३ मार्च
दादाचा आवाज शून्यावर. तात्पुरता. काय सुटसुटीत वाजतंय!

१६ मार्च
दादा-वहिनी ऐकायला आले. दादाचा आवाज तसाच शून्यावर राहिला होता. विसरलो, असं म्हणू या.
दादाने डोळे मिटून पायाने ठेका धरला. पाय दर ठोक्याला मागे पडत होता. थोड्या वेळाने त्याने तो हळूच खुर्चीखाली ओढून घेतला. म्हणाला, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच नीट वाजवलंय की मी.
निघताना वहिनीने एवढंच विचारलं, स्टुलाला तेल घातलं होतंत का?
हो म्हणालो.

१७ मार्च
मूळ रेकॉर्डिंग लावलं. नुसता दादा. कुरकुर, धाप, मागे रेललेला ताल. आणि शेवटी माझाच आवाज: दादा, याला बोटसुद्धा लावायला नको.
उद्या जाऊन सगळं सांगायचं. पक्कं.

१८ मार्च
गेलो. वहिनीने दार उघडलं, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आत दादा पलंगावर उशी मांडून, मनगटाला पट्टा बांधून, मी दिलेल्या गाण्याबरोबर काठ्या आपटत होता. मी डॉक्टरांची आठवण करून दिली. म्हणाला, गप रे, त्या दिवशी मला इतकं नेमकं कसं जमलं ते शोधतोय.
मी म्हटलं, हात बसला होता तुझा.