प्रकाशला एक मिनिटही नाही

२१ जानेवारी १९७३, रविवार. संध्याकाळचे साडेसात. बूट पुसत होतो, ते तसेच ठेवून लिहायला बसलो.

जिल्ह्याचा बास्केटबॉल संघ निवडणारे आज आले होते, आणि क्लबने माझ्या धाकट्या भावाला, प्रकाशला, एक मिनिटही खेळवलं नाही! त्याच्याच जागी खेळणाऱ्या आमच्या ज्येष्ठ दत्तूभाऊंचा गुडघा सुजलेला, चेंडू हातातून निसटतो, तरी शेवटपर्यंत तेच. का? तर ज्येष्ठाने स्वतः हात वर केल्याशिवाय त्याला बाहेर घ्यायचं नाही, ही आमची रीत. रीत कसली ही?

टपरीवर बोललो, तर क्लबातला वामन म्हणतो, "त्यायनंच तुले शिकवलं ना गा? आता त्यायलेच हाकलून राहिला?"

शिकवलं. म्हणून त्या सुजलेल्या गुडघ्यापायी प्रकाशचं वर्ष घालवायचं?

आत्ता आईने त्याची जर्सी धुवायला मागितली.

"घामच नाही लागला तिले," प्रकाश म्हणाला. "कायले धुतं वं माय?"