आडवा होणारा टॉवर

रविवार, संध्याकाळ

वेल्डर रफिकभाई आज परत म्हणाले, "ताई, टॉवरला पायऱ्या लावून देतो. अँटेनाची तार तुटली तर कुणीबी चढंल."

"लांबच्यांशी बोलायचा हा रेडिओ माझा हाय भाई. कुणाला कशाला चढवू? टॉवरच खाली आला पाहिजे."

पोलिओच्या पायानं मला शिडी जमत नाही, हे काय आजचं आहे? म्हणून तर टॉवरच्या चित्रातच मी बुडाशी बिजागरी काढली होती. पण पहिल्यांदा आडवा करताना बिजागरीची पिनच वाकली. आई घाबरून म्हणाली, "राहू दे गं आता."

नाही राहू दिलं. जाड पिन घालून घेतली आणि दोर सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या विंचचा दांडा मीच फिरवला. टॉवर हळूहळू झुकत अंगणात आडवा झाला. खुर्चीत बसूनच मी अँटेनाची तार बांधली. रफिकभाईंनी पक्कड पुढे केली, हात मात्र लावला नाही.