कमळेच्या हातची हळद

वडसा, ६ एप्रिल १९५४
काल सासरी आले. घर बुटकं, पण अंगण मोठं. सकाळी सडा मीच घातला. हे भाताच्या गिरणीवर गेले. सुकरी, माझ्या सवतीची लेक, पाच वर्षांची, दाराआडून मला पाहते. तिने एकदा आई म्हटलं की मला दुसरं काही नको. सासूबाईंनी गळ्यात सवतीचा टाक बांधला. वारलेल्या कमळेची इवली चांदीची मूर्ती. म्हणाल्या, "तिले रोज हळद लावजो, तिच्याच मडक्यातली. पोरीसाठी हळद-मिरची भरून गेली बिचारी. ते सरल्याबिगर आपलं नवं भरू नको."

९ एप्रिल
मडकी उघडली. मिरचीला जाळी धरलेली. हळकुंड वरून अखंड. जरा दाबलं तर पिवळी भुकटी झाली, आत बारीक तपकिरी किडे. आजारपणात उठून बाईने हे भरलं असेल, आणि ते असं पोकळ व्हावं! उन्हात घातलं, चाळलं. संध्याकाळी किडे तेवढेच. सुकरी माझ्या हातचं जेवली नाही.

१४ एप्रिल
सासूबाई लग्नाला गेल्यात. सगळं नेऊन नाल्यात ओतलं. पोरीच्या पोटात किडे घालू का? मडकी धुऊन बाजारची हळद-मिरची भरली. टाकालाही नवीच हळद लावली.

१७ एप्रिल
नव्या हळदीतही तेच किडे. सासूबाई परतल्या. सांगितलं तर रागावल्या नाहीत, माझ्या गळ्यातला टाक हातात धरून म्हणाल्या, "तिचं फेकलंस? आता कमळा कुठी राहीन वं?"

२० एप्रिल
टाकाखाली खाज. तिथे टाचणीएवढं छिद्र. दुखत नाही. बोटाला पिवळी भुकटी लागली—
सुकरी पूर्वी मडक्याला कान लावायची. आज माझ्या छातीला लावला. म्हणाली, आई आत हळद चाळून राह्यली.

२२ एप्रिल
टाकाची गाठ सुटत नाही. करंगळी वरून अखंड आहे. दाबून पाहायची नाही. भीतीपेक्षा रडूच जास्त येतं. लेकीसाठी ठेवलेलं तिचं शेवटचं, आणि मी ते नाल्यात—

२३ एप्रिल
सुकरी माझ्या हातून जेवली. पोटभर. मग मला आई म्हणाली. माझ्याच डोळ्यांत बघून— आई, तू इथी लपली होतीस का वं?
नाही म्हणू? की—
मांडीवरच आहे. बिलगते आहे, घट्ट. कसं सांगू, दाबू नको गं बाळा, मी आतून—