प्रत्येक पाकळीनंतरचा थांबा

३ फेब्रुवारी
आमच्या फॅशन हाऊसमध्ये मणी शिवायचं मशीन आलं. गाऊनवर मण्यांची फुलं हातानेच भरावीत, हे शेंबडं पोरही सांगेल. संकल्प : मशीनकडे ढुंकूनही बघायचं नाही.

४ फेब्रुवारी
बघितलं. नुसता ठोकळा आहे.

९ फेब्रुवारी
मशीनबरोबर आलेली इंजिनिअर मुलगी माझ्या टेबलाशी येऊन बसली. म्हणाली, काका, तुमचा हात रेकॉर्ड करायचाय. तारांचा ग्लव्ह चढवला. आमच्या मालकीण मॅडम म्हणाल्या, अशी कला जपून ठेवायला हवी. उशिरा का होईना, किंमत कळली. डॉक्युमेंटरी असणार. उद्या इस्त्रीचा शर्ट.

१६ फेब्रुवारी
मुलगी डबाही माझ्याजवळच खाते. एक पाकळी झाली की मी सुई थांबवतो, तिला काहीतरी सांगतो. बायको गेल्यापासून इतकं कुणाशी बोललो नव्हतो; घसा बसला. तिला माझा लळा लागलाय, हे उघड आहे. मला तसलं काही नाही. बायकोसाठी शिवलेल्या पहिल्या कोटाला मी बाह्या उलट्या लावल्या, ती गोष्ट अर्धी राहिली. उद्या.

१७ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग संपलं म्हणे. मुलगी मशीनपाशी बसली. नोकरी आहे बिचारीची. जेवायला येईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आली नाही. तिच्यासाठी नेलेलं केळं परत आणलं.

२ मार्च
मशीनने पहिला गाऊन भरला. हुबेहूब माझा हात, धागा जरा डावीकडे ओढायची खोडसुद्धा. ताईला फोनवर सांगितलं, मशीन माझ्या हाताखाली तयार झालंय, आता मला वरची पोस्ट. ताईने तेच पुन्हा दोनदा वदवून घेतलं. अभिमानाने असेल.

५ मार्च
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, खूप केलंत, पुढच्या महिन्यापासून घरी आराम करा, अडलं तर फोन करू. म्हणजे सल्लागार. दाढी करून गेलो ते बरं झालं.

९ एप्रिल
फोन नाही. बिघडला असावा. ताईला लावून पाहिला, लगेच लागला. ती म्हणाली, जेवलास का रे?

१४ एप्रिल
इंजिनिअर मुलीचा फोन. सल्ला हवा होता. मशीन प्रत्येक पाकळीनंतर उगाचच थांबतं, फार वेळ जातो. काका, तिथे तुम्ही नेमकं काय करायचात?
म्हटलं, तुझ्याशी बोलायचो.
ती म्हणाली, अच्छा, मग काढून टाकते.
सल्लागार या नात्याने मी संमती दिली. कोटाची गोष्ट तेवढी राहिली.