कान बांधलेलं यंत्र

बोरीची वाडी, ता. खालापूर
१२ मार्च २०२६

चि. रोहिणीस,
लडकूमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं यंत्र आलं! काल सकाळी तुमच्या ऑफिसातला फुरकान जीप घेऊन आला आणि अर्धी वाडी कामं टाकून मागे धावली. शाळेमागच्या माळावर तीन पायांवर उभं केलंय, डोक्यावर काळ्या स्पंजाची टोपी. फुरकान म्हणाला की टोपीत यंत्राचा कान आहे. वरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाचा आवाज तो ऐकतो आणि आकडा डब्यात जपून ठेवतो. विमानांचा आवाज मोजायच्या या खात्यात माझी सख्खी भाची नोकरीला आहे, हे मी सगळ्यांना सांगितलं. चार वेळा सांगितलं. शेवटी शेजारच्या हिरामणने हात जोडले.

वाडीत रेंज नाही, आणि टेकाडावर चढून फोनमध्ये बोंबलायचं माझं वय नाही. सहदेवचा टेंपो भाजी घेऊन रोज कर्जतला येतो, तो दहिवलीत तुझ्या दारात पत्र टाकील.

आता मुद्द्याचं. प्रियाचं लग्न ३ मेला ठरलं. लग्नाचे धवले गाणारी धवलारीण तुझी मामीच. लेकीच्या मांडवात आईनेच गावं का, यावर दोन दिवस कीस काढला. पण दुसरी धवलारीण आणायची कुठून? मांडवाच्या गाण्यात ती घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलावते, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. यंदा पहिलं नाव नवऱ्या मुलीच्या आत्याचं, म्हणजे तुझ्या आईचं. गाणं मध्ये तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून, हा नियम. हिवाळ्यात नव्या विमानतळाची विमानं वाडीवरून उतरायला लागली आणि माघात हिरामणच्या मांडवात मामीला चार वेळा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. घसा बसला, नावं अर्धीच राहिली. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, की हाक ज्याला ऐकू गेली नाय त्याला आवतण गेलंच नाय. पारूवन्संला तरी आवतण पोचलं पायजे, म्हणते. तेव्हा तुझ्या यंत्राला नीट मोजू दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
लडकूमामा


दहिवली, कर्जत
२५ मार्च २०२६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

लग्न ठरलं! पत्र वाचून मी उडीच मारली आणि घरमालकीणबाई काय पडलं म्हणून वर आल्या. प्रियाला सांगा, तिला माझ्याकडून द्यायच्या साडीचा रंग मीच ठरवणार.

पण मामा, एक घोर लागलाय. फुरकान दर आठवड्याला पहाटे येऊन यंत्रातलं कार्ड नेतो ना, त्यावरचे आकडे फार कमी येतायत. दहिवलीच्या यंत्रावर विमान गेलं की साठ-बासष्ट डेसिबल दिसतात. तुमच्याकडे तर विमानं अजून खालून जातात, तरी पन्नाशीसुद्धा नाही. वरचे साहेब म्हणाले की वाडी शांत आहे, तिथे काही करायची गरज नाही. ८ एप्रिलला बैठक आहे. तिच्यात हा उतरायचा मार्ग कायम झाला की मग तो हलत नाही. मी संक्रांतीला आले होते तेव्हा भांडी थरथरताना स्वतः पाहिलीत, पण माझ्या शब्दापेक्षा आकडा मोठा.

यंत्राजवळ काही वेगळं घडतंय का? कुणी हलवलं का? आईला मामीची हाक पोचायला हवी, ही माझीही इच्छा आहे. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी कुणी तिचं नाव मोठ्याने घेतलं की बरं वाटतं.

मामीला नमस्कार. ओढ आहे तशीच राहू द्या.
तुमची
रोहिणी


बोरीची वाडी
२६ मार्च २०२६

चि. रोहिणीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग आला, सरळ सांगतो. यंत्राला कुणी हात लावला म्हणून विचारतेस? अगं, त्याची जेवढी निगा मामी राखते तेवढी तिने माझी कधी राखली नाही!

फुरकानने कान आहे म्हटल्यावर तिला काळजी पडली. दिवसाला चाळीस विमानं, कान टिकायचा कसा? वाडीतला नामा वीस वर्षं कारखान्यात धडधडत्या यंत्रापाशी उभा राहिला, आता त्याच्या कानाशी ढोल बडवला तरी तो आपला हसतो. मामी म्हणाली की पोरीचं यंत्र हाय, बहिरं झालं तर पोरीच्या नोकरीवर येल. म्हणून सकाळी विमानांची रांग लागायच्या आत ती माळावर जाते आणि बाळंतिणीचे बांधतात तसे त्याचे कान बांधते. आधी कापूस, मग जुन्या लुगड्याची दुहेरी घडी, वरून घोंगडीचा तुकडा. दिवस कलला की सोडते. ओव्याची धुरीही देणार होती, ती मी देऊ दिली नाही, कारण तारा जळतील एवढं मलाही कळतं.

तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, त्यांच्या यंत्राला इथे माहेरपण चाललंय.

रागावलोय, पण आशीर्वादात कपात नाही.
लडकूमामा


दहिवली
२८ मार्च २०२६

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मी आधी खो-खो हसले आणि मग कपाळावर हात मारून घेतला. मामा, त्या यंत्राला आवाज ऐकण्यासाठीच ठेवलंय! त्याचा कान बहिरा होत नाही. मामीने तो बांधला म्हणून त्याला विमानं ऐकू आली नाहीत, आणि म्हणून साहेब म्हणाले वाडी शांत.

रात्रभर विचार केला की सांगावं की गप्प बसावं. माझ्याच मामीने पंधरा दिवसांची मोजणी वाया घालवली, हे कळल्यावर माझं कंत्राट टिकेल का, ही भीती होती. पण गप्प बसले असते तर मामीची हाक कायमची विमानाखाली गेली असती. सकाळी गेले आणि आमच्या नफिसा मॅडमपुढे तुमचं पत्रच ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या की त्यांच्या म्हसळ्याच्या खालाने, म्हणजे मावशीने, तर यंत्राला शिराही भरवला असता. मग गंभीर झाल्या. जुने आकडे रद्द, तसं त्यांनी स्वतःच्या सहीने लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर दहा मिनिटं गेली.

आता सोमवार ते शुक्रवार, पाचच दिवस हातात आहेत. मामीला प्रेमाने सांगा, यंत्रापासून वीस पावलं लांब. आणि विमान गेलं की कुणीतरी वेळ लिहून ठेवा, म्हणजे आकड्याशी ताडून पाहता येईल. बैठकीच्या आधीची ही शेवटची संधी आहे.

मामीवर मी रागावलेली नाही. तिला घट्ट मिठी मारल्याचं कळवा.
तुमची घाबरलेली
रोहिणी


बोरीची वाडी
४ एप्रिल २०२६

चि. रोहिणीस,
आशीर्वाद, आणि सोबत वही!

दोनशे तीन विमानं लिहिलीत. वेळेसकट! शाळेतली पोरं घड्याळ घेऊन बसली, मी लिहायला. आश्रमशाळेत तीस वर्षं घंटा मारली, वेळेत माझी चूक व्हायची नाही. हिरामणने आपला कोंबडा पाच दिवसांसाठी बहिणीच्या घरी पाठवला, कारण तो माळावर जाऊन आरवतो. गिरणीवाल्यानेही दुपारी गिरणी बंद ठेवली. वाडी इतकी गप्प मी कुणाच्या मयतालाही पाहिली नव्हती.

मामीला मात्र जड गेलं. पहिल्या दिवशी चूक कळल्यावर जेवली नाही. म्हणाली की मीच वन्संची हाक दाबली. विमान आलं की ती उठायची, पदर आवळायची आणि परत बसायची. वीस पावलं सांगितलीस, ती पन्नासवर बसली. शुक्रवारी शेवटचं विमान गेलं तेव्हा तिने यंत्राकडे बघून हात जोडले आणि विचारलं की आता तरी ऐकलंस ना रं बाबा.

फुरकान कार्ड घेऊन गेलाय. आमचा जीव टांगणीला. सहदेवला सांगितलंय, रोहिणीचं पत्र असेल तर भाजी नंतर उतरव.

लवकर लिही.
लडकूमामा


दहिवली
९ एप्रिल २०२६

ती. मामा आणि मामी,
सा. न. वि. वि.

बाहत्तर! तुमच्या वाडीवर विमान गेलं की आकडा सरासरी बाहत्तर आला, आणि तुमच्या वहीतल्या वेळा एकूणएक जुळल्या. बैठकीत नफिसा मॅडमनी वही टेबलावर ठेवली. एका साहेबांनी विचारलं की कुठल्या इंजिनिअरने लिहिलीय. मॅडम म्हणाल्या की शाळेची घंटा मारणाऱ्याने.

ठरलं ते असं. १ मेपासून महिनाभर चाचणी. विमानं डोंगराच्या रांगेपर्यंत उंचच राहतील, मग इंजिनाचा जोर न वाढवता सावकाश उतरतील, आणि वळण वाडीवर न घेता पुढे जंगलावर घेतील. आणखी काही विमानं आता दहिवलीवरून येतील, म्हणजे माझ्या छपरावरून. घरमालकीणबाईंना अजून सांगितलेलं नाही. पण ती इथेही उंचावरून जातील, आणि तसं झालं नाही तर मोजायला मी बसलेय.

एकच वाईट झालं. ३ मेला मला नव्या मार्गाखाली यंत्रापाशी बसायचंय. रजा नाही. मॅडमनी प्रयत्न केला, पण माणसंच कमी आहेत. प्रियाच्या लग्नाला मी नसेन. मामी आईला बोलावेल तेव्हाही नसेन. दोन वेळा रडून झालंय. म्हणून विनंती करते, मांडवात काय झालं ते मला सगळं लिहा. काही गाळू नका.

प्रियाला भरभरून शुभेच्छा. साडीचा रंग जांभळाच.
तुमची
रोहिणी


बोरीची वाडी
५ मे २०२६

चि. रोहिणीस,
लडकूमामाचे आशीर्वाद, आणि आज त्यात मामीचेही.

लग्न पार पडलं. प्रिया तू पाठवलेल्या जांभळ्या साडीत नांदायला गेली. तू सगळं लिही म्हणालीस, पण जेवणावळीचं पुढच्या खेपेला. आधी मांडवाचं.

सकाळी नऊला मामी गायला बसली. मी मुद्दाम मांडवाच्या कडेला उभा होतो, आभाळ दिसावं म्हणून. आधी देवांना आवतण झालं, मग गावदेवीला. मग ती घरातल्या गेलेल्या माणसांकडे वळली, तेवढ्यात मला विमान दिसलं. पण ते उंच होतं, पांढरं, बोटाएवढं, डोंगराच्या अंगाला सरकलेलं. आवाज आला तो तिसऱ्या घरात कुणी जातं ओढावं इतका. पोरांनीही वर पाहिलं नाही.

आणि मामीने तुझ्या आईला हाक मारली. पारू, लडकूची बहीण, प्रियाची आत्या, रोहिणीची आई, लग्नाला ये, असं सगळं नातं लावून. मांडवाच्या शेवटच्या टोकापर्यंत एकूणएक शब्द ऐकू आला.

आणि गाणं तुटलं. मी घाबरून वर पाहिलं, तर आभाळ रिकामं. थांबली होती ती मामीच. ती ओंजळीत तोंड घालून रडत होती, प्रिया तिला धरून रडत होती, आणि मी खांबाला.

मग डोळे पुसून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, नियम तो नियम. एकही बाई कुरकुरली नाही. पोरी, तुझ्या आईला परवा दोनदा आवतण गेलं.

तुझाच
लडकूमामा