पुलाखालच्या बर्फाची जाडी

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ७.१०
उणे २.८. थर्मामीटर जमिनीपासून बरोबर दीड मीटरवर, तोंड उत्तरेला. गावात असा नीट लावलेला दुसरा नाही. कालव्यावर शनिवारपासून बर्फाची साय धरलीय.
संकल्प : रोजनिशीत यापुढे फक्त मोजमापं आणि निर्णय. भावना नकोत.
काल दुपारी इम्केबाई आल्या होत्या. स्केटिंग क्लबच्या अध्यक्षा. कशाला आल्यात ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. आमचा बर्फमास्तर सिपकेकाका, वय ७८, एकेचाळीस हिवाळे कालव्यावर कुणी पाऊल टाकायचं आणि कुणी नाही हे ठरवत आला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून खिडकीत बसून असतो. इम्केबाई म्हणाल्या, "हार्मेन, यंदाचा बर्फ तू बघ. अठरा तारखेची गावाची स्केटिंगची फेरी सुखरूप पार पाड. एकोणीसला मतदान, कायमचा मास्तर कोण, तू की वित्स्के." वित्स्के ही सिपकेकाकाची पुतणी. वय ३१. चाळीस गायी. गणित शून्य.
मी जरा विचार केल्यासारखं करून हो म्हटलं.

बुधवार, ८ जानेवारी
उणे ३.४.
गावच्या साप्ताहिकातल्या माझ्या सदराला बारा वर्षं झाली. 'समजा, असं झालं तर?' लोकांनी वाटेल तो वेडगळ प्रश्न विचारायचा, मी खऱ्या विज्ञानाने उत्तर द्यायचं. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली, बॉयलर दुरुस्त करतो, बाकी सगळं ग्रंथालयातून. पण बारा वर्षांत एकही दुरुस्तीचं पत्र आलेलं नाही. (एक आलं होतं. त्यात त्या माणसाचीच चूक होती, असं मी त्याला कळवलं.)
या आठवड्याचा प्रश्न : समजा फेरीच्या वेळी गारपीट झाली आणि अख्खं गाव बँडसकट चर्चजवळच्या पुलाखाली शिरलं, तर बर्फ टिकेल का?
उत्तर : माणसं ४१२. कोटबूट धरून सरासरी ७४ किलो. एकूण ३०,४८८. पुलाखालची जागा ४० चौरस मीटर. कितीही दाबलं तरी दर चौरस मीटरला सात माणसं, म्हणजे २८० मावतील, उरलेल्या १३२ जणांनी खांद्यावर बसावं. बर्फ किती वजन पेलतो? जाडीचा सेंटिमीटरमध्ये वर्ग, गुणिले चार, तेवढे किलो. म्हणजे ८७ सेंटिमीटर बर्फ हवा. तेवढा व्हायला उणे दहा अंशात सलग साडेतीन महिने. तोवर गारा थांबलेल्या असतील.
शेवटी एक वाक्य सहज जोडलं. "पुलाखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथला बर्फ उलट जास्त जाड असतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे." चांगलं वाक्य आहे. मूळ उत्तरापेक्षा चांगलं.

गुरुवार, ९ जानेवारी. सकाळी ९.००
अंक वाटला गेला.
९.०४. सिपकेकाकाचा फोन. "काय रे, हे छापलंयस ते चेष्टेत का?" म्हटलं, कुठलं? "पुलाचं. अरे, लोकांच्या माळ्यावर कापूस कोंबतोस ना, ऊब वर जाऊ नये म्हणून? पूल म्हणजे कालव्याचा माळाच. शिवाय तिथे काठ जवळ येतात, पाणी जोरात वाहतं. पुलाखालचा बर्फ नेहमी पातळ. पाळण्यातल्या पोराला विचार."
मी शांतपणे सांगितलं की माळा आणि पूल यांत मूलभूत फरक आहे. तो म्हणाला, कुठला? मी म्हटलं, फोनवर सांगण्यासारखा नाही.
वाईट वाटतं. हाडाचं दुखणं माणसाला चिडकं करतं.

शनिवार, ११ जानेवारी
चार तारखेपासूनची थंडी, रोजच्या सरासरी अंशांची बेरीज : १४.८. तिचं वर्गमूळ गुणिले २.७ म्हणजे १०.४ सेंटिमीटर. मोकळ्या कालव्यावर पाच ठिकाणी ड्रिल केलं. सरासरी १०.२. दोन मिलिमीटरचा फरक! सिपकेकाका लोखंडी टोकाची काठी आपटून कान लावायचा. कान!
पुलाखाली ड्रिल केलं नाही. पाच ठिकाणी सूत्र बरोबर आल्यावर सहावं भोक म्हणजे विज्ञानावर अविश्वास.

सोमवार, १३ जानेवारी
उणे ४.१.
बेकरीत वित्स्के भेटली. साखरपाव घेत होती. बिनकामाचं हसून म्हणाली, "हार्मेनदादा, माझाही एक प्रश्न. गावातल्या नऊशे गायी कालव्यावर आणून उभ्या केल्या तर अंगाच्या उबेने बर्फ किती दिवसांत वितळेल?"
मी पावाच्या कागदी पिशवीवरच हिशेब केला. एक गाय सुमारे १२०० वॅट. नऊशे म्हणजे मोठ्या दवाखान्याचा बॉयलर. ४.२ किलोमीटर लांब, आठ मीटर रुंद, दहा सेंटिमीटर जाड बर्फ. अकरा दिवस.
ती म्हणाली, "आणि शेण धरलं तर?"
सगळी बेकरी हसली. शेण मी धरलं नव्हतं, हे खरं आहे. पण माझ्याकडे पिशवी एकच होती.
जाता जाता म्हणाली, "गायींचं राहू दे. पुलापाशी गालिचे टाकायचे आहेत ना?" मी म्हटलं, समितीत बोलू.

मंगळवार, १४ जानेवारी
समिती. विषय : गालिचे. दर वर्षी पुलाच्या दोन्ही अंगांना काठावर जुने गालिचे अंथरतात. लोक बर्फावरून वर येतात, स्केट घालूनच गालिच्यावरून टकटक करत पूल ओलांडतात, पलीकडे पुन्हा खाली उतरतात. चाळीस गालिचे, चर्चच्या कोठीत, उंदरांचा वास.
मी ठराव मांडला की यंदा गालिचे नकोत, सरळ पुलाखालून जायचं. दर माणशी चार मिनिटं वाया जातात. चारशे बारा माणसं म्हणजे साडेसत्तावीस तास. आकडा ऐकून दोघा-तिघांनी माना डोलावल्या.
वित्स्के म्हणाली, "आणि बर्फ फुटून कुणी आत गेलं तर?"
मी म्हटलं, "जाणार नाही. हे मी लिहून दिलंय."
"कुठे?"
"साप्ताहिकात."
इम्केबाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "यंदाचा मास्तर तू आहेस. शब्द तुझा. जबाबदारीही तुझीच."
ठराव मंजूर. सात विरुद्ध सहा. घरी किल्ली तिसऱ्या प्रयत्नात कुलपात गेली. उणे ५.०, साहजिक आहे.

गुरुवार, १६ जानेवारी. दुपारी १२.३०
दुसऱ्याच कामासाठी चर्चकडे गेलो होतो. (काम : पुलाच्या कठड्याची उंची मोजणे. १.०४ मीटर.) सहज पुलाखाली डोकावलो. तीन निरीक्षणं.
एक. आतून पाण्याचा बारीक खळखळाट. स्पष्टीकरण : बर्फात आवाज दूरवर जातो. हा खळखळाट बहुधा दोन गावं पलीकडचा.
दोन. बर्फाचा रंग मोकळ्या भागापेक्षा काळपट. सावली.
तीन. एक पाणकोंबडी पुलाखालून बाहेर आली. ओली होती. चालत आत गेली असणार.
ड्रिल गाडीत होतं. काढलं नाही. भोकाने बर्फ कमजोर होतो आणि परवा इथून चारशे माणसं जायची आहेत. ही जबाबदारी मी घेऊ शकत नाही.
जेवण गेलं नाही. वाटाण्याचं सूप फार दाट झालं होतं.

शुक्रवार, १७ जानेवारी. संध्याकाळी ६.००
थंडीची बेरीज ४२.३. जाडी १७.५ सेंटिमीटर. पेलणारं वजन १,२२५ किलो. म्हणजे माझ्या तेरापट. आकडे उत्तम आहेत.
गेस्के (बायको) आज स्केट्सना धार लावून बसली होती. मी विचारलं, कशासाठी? म्हणाली, "विसरलास? मास्तरचं घर पहिलं." आमच्याकडे फेरी पुलापासूनच सुरू होते आणि सगळ्यांत आधी मास्तरच्या घरातलं माणूस बर्फ ओलांडतं. सिपकेकाका दर वर्षी बायकोला पाठवायचा. ती पलीकडे पोचली की बँड वाजायचा. यंदा गालिचे नाहीत, म्हणजे वाट पुलाखालून.
म्हटलं, तुझा माझ्या सूत्रावर विश्वास आहे?
म्हणाली, "सूत्र मला कळत नाही. तुझ्यावर आहे. एकतीस वर्षं झाली, आता नसला तरी सांगणार कुणाला?" आणि धार बोटाने तपासून बघितली.
यानंतर तिने तीनदा विचारलं, मी जेवत का नाही. सांगितलं, गणित चालू आहे.
निर्णय : उद्या पहिला मी जाणार. कारण शास्त्रीय. गेस्के ६१ किलो, मी ९३. जड वस्तूने चाचणी आधी करायची हा सर्वमान्य नियम आहे. याचा दुसऱ्या कशाशीही संबंध नाही.

शनिवार, १८ जानेवारी. सकाळी ६.४०
उणे ६.२. आकाश स्वच्छ. झोप झाली नाही, पण त्याची गरजही नव्हती. पुलापाशी थोडं किरकोळ काम आहे, आधी जाऊन येतो. फेरी ९ ला.
संकल्प : ९ वाजता हसायचं.

शनिवार, १८ जानेवारी. दुपारी ३.१५. अंथरुणातून
क्रमाने लिहितो.
८.५० ला सगळं गाव काठावर. बँड तयार. बडीशेपेच्या गरम दुधाची किटली उघडी. सिपकेकाकाला खुर्चीसकट आणलं होतं. वित्स्केच्या हातात शिडी. मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, "उगाच. घरात जागा नव्हती."
गेस्के स्केट घालून उतरायला निघाली. मी तिचा दंड धरून नियम सांगितला, जड आधी. ती म्हणाली, "काल का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, कालपर्यंत तो लागू नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी हसलो. ठरल्याप्रमाणे.
मी बर्फावर उतरलो तसा सिपकेकाका खुर्चीतून म्हणाला, "हार्मेन, अजूनही वेळ आहे, वर ये. गालिचे दहा मिनिटांत टाकता येतील. कुणी काही म्हणणार नाही."
कुणीच काही म्हणत नव्हतं, हे खरं. चारशे माणसं आणि आवाज नाही. फक्त तो खळखळाट, दोन गावं पलीकडचा.
मी म्हटलं, "आकडे स्पष्ट आहेत, काका," आणि निघालो.
पुलाच्या कडेपर्यंत बर्फ उत्तम. आत दीड मीटरपर्यंत समाधानकारक. त्यानंतर मोजमाप घेता आलं नाही.
पाणी छातीपर्यंत. तळाला चिखल. पाण्याचं तापमान साधारण अर्धा अंश (अंदाज). वेळ सत्तर सेकंद (हा अंदाज नाही, चर्चचं घड्याळ समोर होतं). हात बर्फाच्या कडेला लावला की कड तुटायची. पुन्हा लावला की पुन्हा तुटायची. काठावर गेस्के माझं नाव घेऊन ओरडत होती. असं ओरडताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. तो आवाज अजून कानात आहे. ही भावना नाही, निरीक्षण आहे.
मग मी बाहेर आलो. वित्स्केची शिडी आडवी होती, तिचा थोडा उपयोग झाला. काही लोक कठड्यापाशी उगाच ओढाओढ करत होते.  सिपकेकाकाने आपली घोंगडी काढून दिली.
बँड वाजला नाही. नंतर गालिचे टाकले, दहा मिनिटांत, आणि फेरी साडेदहाला सुरू झाली. मला खिडकीतून ऐकू आली. टकटक, टकटक, चारशे जोड.

रविवार, १९ जानेवारी. दुपारी ४.००
मतदान झालं. वित्स्के. मला दोन मतं. एक माझं. दुसरं कुणाचं ते कळलं नाही, गेस्के म्हणते तिचं नाही.
वित्स्के स्वतः येऊन गेली. जिंकल्याचा आव नव्हता, हेच जास्त लागलं. म्हणाली, "दादा, काल फेरी संपल्यावर पुलाखाली ड्रिल केलं. आडवं झोपून. आकडा तुम्हाला हवा असेल म्हणून आणलाय." साडेतीन सेंटिमीटर. तीन ठिकाणी, तिन्ही वेळा. तिने कागदावर लिहून आणला होता. अक्षर सुबक आहे.
ती गेल्यावर मी हिशेब केला. साडेतीनचा वर्ग, गुणिले चार. एकोणपन्नास किलो.
गेस्के ६१.
हिशेब पुन्हा केला. तोच आला.
साप्ताहिकासाठी खुलासा लिहायला बसलो. 'अपवादात्मक स्थानिक परिस्थितीत' इथपर्यंत छान जमलं. तेवढ्यात गेस्के माझा ओला कोट घेऊन समोर येऊन उभी राहिली. "एक प्रश्न आहे. तुझ्या सदरासाठी."
म्हटलं, विचार.
"समजा, एका माणसाला आपल्या आकड्यांची शंभर टक्के खात्री आहे. तर तो भल्या पहाटे उठून कठड्याला दोर बांधून, त्याचं दुसरं टोक कोटाच्या आत कमरेला का गुंडाळतो?"
मी सांगितलं की सवय आहे. छपरावर धुराडं साफ करायला चढतो तेव्हा नेहमी बांधतो.
"बरं. फेरी ४.२ किलोमीटरची. दोर किती?"
अकरा मीटर.
 तिने कोट शेगडीपाशी वाळत घातला, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. हे मी पेन्सिलने लिहितोय.
गाठ मात्र उत्तम होती. वित्स्केला ती सोडवता आली नाही, कापावी लागली.