नटावरची लाल रेघ

आप्पा, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच पान्यानं काम करते. डिप्लोमा पास झाले त्या दिवशी निपाणीच्या गॅरेजात तुम्ही तो माझ्या हातात दिलात, ठरवलेला जोर भरला की टक् करून वाजणारा. पेढे नाहीत, साडी नाही, पाना! आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. तिचा राग तसा आधीपासूनचा. तुम्ही जत्रेतनं नखांना लावायच्या लाल पॉलिशची बाटली आणलीत, ती हरखली, आणि तुम्ही ती सरळ गॅरेजात नेऊन ठेवलीत. नट आवळून पाना वाजला की मगच त्यावर लाल रेघ ओढायची, हा तुमचा नेम. रेघ नाही म्हणजे नट सैल, मग कुणी काहीही सांगो.

एकदा मी घाईत सगळ्या नटांवर आधीच रेघा ओढून ठेवल्या. म्हटलं, आवळायचेच आहेत की. तुम्ही एकूणएक नट सोडलेत, रेघा रॉकेलनं पुसल्यात आणि फडकं माझ्यासमोर टाकलंत. "खूण म्हंजे साक्ष हाय गं. बघायच्या आधी साक्ष देतीस व्हय? उद्या त्या गाडीत कोण बसणार हाय, ठावं हाय तुला?" गिऱ्हाइकासमोर बोललात. मला लई लागलं. आठवडाभर तुमचं ताट मी वाढलं नाही.

त्या गाडीत कोण बसणार होतं ते आता सांगते. तुमचा धाकटा. बेळगावात कोर्टाजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि गाड्यांचं वेड तुमच्याकडनंच आलेलं. मागच्या वर्षी भंगारातनं त्यानं तीन सिलिंडरची जुनी गाडी आणली. हिचं इंजिन आपण घरीच तेज करायचं, थोडक्यात भागवायचं, म्हणाला. मी फाउंड्रीत दिवसभर दुसऱ्यांचा माल तपासते, आपल्या घरचं काम म्हटल्यावर मलाही उत्साह आला. परसातल्या पत्र्याखाली इंजिन उतरवलं. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, घासायला उद्यमबागेत नेलं, लेथवाला कानडीत "आयतु अक्का", झालं म्हणून समजा, म्हणत हसला, बाईमाणूस काय करतेय म्हणून. कार्बोरेटर भंगारातला, मोठा. पिस्टनला जोडणाऱ्या रॉडचे बोल्ट तेवढे नवे घे, म्हणून मी मागे लागले. "जुनंच लाव की गं आक्का, काय हुतंय!" मी मापून बघितले. चांगले होते. लावले.

रविवारची दुपार. रॉडचे सहा नट साध्या पान्यानं बसवले होते, तुमच्या पान्यानं शेवटचं आवळायचं बाकी होतं. मी आणलेल्या बाटलीतलं पॉलिश उघडं राहून घट्ट व्हायला लागलेलं, हा डोक्यावर उभा, "झालं का गं?" करत. मी सहाही नटांवर रेघा ओढून टाकल्या. काय करतेय ते मला कळत होतं, आप्पा. मग आवळायला घेतले. चारदा पाना वाजला आणि आईनं आतनं हाक मारली, तिची साखर उतरली होती. तिला गूळ दिला, घाम पुसला, अर्ध्या तासानं परत येऊन बघते तर सहा लाल रेघा. तेलाचं चेंबर बसवून टाकलं.

बाराव्या दिवशी कोगनोळीच्या अलीकडे हायवेवर रॉड इंजिन फोडून बाहेर आला. तेल चाकाखाली, गाडी दुभाजकावर. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. नंतर मी एकटीनं चेंबर उघडलं. तळाशी नट पडला होता. आटे शाबूत, बोल्ट शाबूत, आणि नटावर तुमची लाल रेघ. दवाखान्यात त्यानं विचारलं, "आक्का, काय तुटलं गं?" मी म्हटलं, "बोल्ट. जुना होता." त्यानं डोळे मिटले. "तू सांगितलं हुतंस," म्हणाला. तेव्हापासनं आई उठता-बसता त्याला ऐकवते, चार पैशांपायी पाय घालवलास म्हणून. तो ऐकून घेतो. मी शेजारी बसून शेंगा सोलते. मला माझी किळस येते.

आज सकाळी तो कुबडी टेकत परसात आला आणि नव्या बोल्टांची पुडी माझ्या हातात ठेवली. दुसरं इंजिन बघून ठेवलंय म्हणाला. चालवणार कोण, विचारलं. "तू चालीव. मी बसतो शेजारी. खरं रेघा तूच वढायच्या हां, आप्पांसारख्या. तुझी रेघ असली की मला भ्या न्हाय." हे सांगायला मला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. वाचणारे तुम्ही नाही, आणि ज्यानं वाचायला हवं तो भिंतीपलीकडं रेडिओ ऐकतोय. कागद पान्याच्या डब्यात, तिथं जपून ठेवलेल्या त्या नटाखाली ठेवते.

त्याला म्हटलं, बाटलीतलं पॉलिश वाळून गेलंय. वाळलेलं नाही, आप्पा. आत्ताच झाकण उघडून बघितलं.